एडवर्ड मुंक : किंकाळीपासून सूर्यापर्यंत



दोन्ही हात कानांवर, डोळे विस्फारलेले, तोंडाचा आ वासलेला. लाल आकाशाखाली पुलावर उभा असलेला हा माणूस तुम्ही कुठे ना कुठे पाहिलाच असेल. 'किंकाळी' नावाचं हे चित्र नॉर्वेचे एडवर्ड मुंक यांनी १८९३ मध्ये काढलं. पण त्यांची ओळख तेवढ्यावरच संपत नाही.

मुंक यांचा जन्म १२ डिसेंबर १८६३ चा. वडील लष्करात डॉक्टर. एडवर्ड पाच वर्षांचा असतानाच आई क्षयाने गेली. पुढे १८७७ मध्ये मोठी बहीण सोफी पंधराव्या वर्षी त्याच आजाराने गेली. एडवर्डही सारखा आजारी पडायचा, हिवाळ्यात शाळा बुडायची. घर सांभाळायला आलेल्या कारेन मावशीने मात्र या मुलाची चित्रकला जपली.

वडिलांच्या मनात इंजिनिअर करायचं होतं, पण एडवर्ड ते शिक्षण सोडून चित्रकलेकडे वळले. बहिणीच्या आठवणीतून त्यांनी 'आजारी मूल' हे चित्र काढलं. लोकांनी त्याची टर उडवली. तरी पुढच्या चाळीस वर्षांत त्यांनी तेच चित्र पुन्हा पुन्हा रंगवलं. दिसतं ते नाही, तर मनाला जाणवतं ते रंगवायचं, ही त्यांची रीत. यातूनच पुढच्या अभिव्यक्तिवादी चित्रकारांना वाट मिळाली.

१९०८ मध्ये दारू आणि मानसिक ताणाने ते पार कोसळले. कोपनहेगनला डॉ. याकोबसन यांच्या दवाखान्यात सुमारे आठ महिने राहिले. बरे होऊन नॉर्वेत परतले ते समुद्राकाठच्या क्रागेरो गावात. तिथे त्यांनी 'सूर्य' रंगवायला घेतला. समुद्रावर उगवणारा, चहूकडे किरण फेकणारा! जवळपास ८ मीटर रुंदीचं हे चित्र आज ओस्लो विद्यापीठाच्या सभागृहात समोरच्याच भिंतीवर आहे. २३ जानेवारी १९४४ ला मुंक गेले. मागे राहिलेली हजारो चित्रं त्यांनी ओस्लो शहराला देऊन टाकली.

वर्गात ही दोन्ही चित्रं शेजारी शेजारी दाखवा. काय वाटतं ते मुलांना बोलू द्या. आणि एखाद्या मुलाने सगळा कागद काळाच रंगवला, तर रागावू नका. त्याच्या शेजारी बसा, ऐका. मूल सतत गप्प, उदास राहत असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्यायला लाजू नका. मुंक यांनाही त्या आठ महिन्यांच्या उपचारांनंतरच 'सूर्य' रंगवता आला.