बॅरिस्टरीची खडतर वाट : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

ज्या मध्य भारत राज्याची हिवाळी राजधानी आपले ग्वाल्हेर होते, त्याच राज्यात पुढे समाविष्ट झालेल्या महू छावणीत 14 एप्रिल 1891 रोजी भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म झाला. भारतीय संविधानाचे शिल्पकार म्हणून ते वंदनीय ठरले. परंतु कायद्याचे शिक्षण त्यांना किती सायासाने लाभले, याचे स्मरण आजही उद्बोधक आहे.

बडोदेनरेश सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. 1916 मध्ये लंडनला येऊन अर्थशास्त्राच्या अभ्यासाबरोबरच बॅरिस्टरीसाठी त्यांनी ग्रेज इनमध्ये नाव दाखल केले. प्रवेशशुल्क, ठरावीक सत्रांची व इनच्या भोजनगृहातील हजेरी, शिवाय लंडनचे वास्तव्य, हा खर्च सधनांनाच पेलणारा होता. वर्षभरात शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून 1917 मध्ये त्यांना स्वदेशी परतावे लागले. निराळ्या बोटीने पाठविलेले त्यांचे ग्रंथही महायुद्धाच्या धामधुमीत समुद्रार्पण झाले.

तथापि त्यांनी धीर सोडला नाही. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी काटकसरीने पैसा साठविला. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे साहाय्य व स्नेही नवल भथेना यांचे कर्ज यांच्या बळावर 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. अर्धपोटी राहून ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात ते दिवसभर वाचीत बसत. 1922 साली ते बॅरिस्टर झाले. मायदेशी परतल्यावर वकिलीच्या सनदेपुरतेही पैसे जवळ नव्हते. तेव्हाही भथेनाच धावून आले. 1923 मध्ये त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली आरंभिली. पुढे 1935 साली मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांच्याकडे आले.

स्वतः सोसलेल्या या ओढाताणीचा त्यांना कधी विसर पडला नाही. 1945 मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. तिच्या सिद्धार्थ महाविद्यालयात नोकरी करणाऱ्या गरीब मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. 1956 साली याच संस्थेचे विधी महाविद्यालय मुंबईत सुरू झाले. त्याच वर्षी 6 डिसेंबर रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

आपल्या वाचनालयाच्या मेजावर कायद्याची पुस्तके उघडून बसणाऱ्या, शुल्काच्या विवंचनेतील तरुण सभासदांना हे चरित्र धीर देईल. विद्यार्थ्याला वेळेवर मिळालेल्या मदतीचे मोल किती मोठे असते, हेही आश्रयदात्यांना त्यातून उमगेल.