लोहमार्गाची जोखीम आणि नाना शंकरशेट

नामदार जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना यांचे नाव आपल्या दैवज्ञ ज्ञातीच्या घराघरांत आदराने घेतले जाते. त्यांचे शिक्षणकार्य, आपल्या गिरगावच्या वाड्यात त्यांनी मुलींच्या शाळेला दिलेली जागा, संस्कृतच्या विद्यार्थ्यांस त्यांच्या नावाने मिळणारी शिष्यवृत्ती, यांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. यंदा आम्ही त्यांच्या चरित्राच्या एका वेगळ्या अंगाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. मोठ्या बांधकामात जोखीम असते. ती कोणी, किती आणि कशाच्या आधारावर उचलावी, हा प्रश्न नानांच्या आयुष्यात लोहमार्गाच्या निमित्ताने उभा राहिला. आज गिरगाव, परळ, लालबाग, दादर येथील जुन्या चाळींतून राहणाऱ्या आपल्यापैकी अनेक कुटुंबांपुढे पुनर्विकासाचे करारनामे सहीसाठी येत आहेत. तेव्हा हा विषय केवळ इतिहासाचा आहे, असे कोणी समजू नये.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाड येथे झाला. घराण्याचे मूळ आडनाव मुरकुटे. १८२२ साली वडील शंकरशेट निवर्तले, तेव्हा नाना अवघे एकोणीस वर्षांचे होते. त्या कोवळ्या वयात पेढीचा सर्व भार त्यांच्यावर येऊन पडला व त्यांनी तो समर्थपणे पेलला. अरब, अफगाण आदी परदेशी व्यापारी आपली संपत्ती बँकांऐवजी नानांच्या स्वाधीन करीत, एवढी त्यांची पत होती. ही पत हेच पुढे त्यांच्या सार्वजनिक कार्याचे खरे भांडवल ठरले. दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्या माणसास तोटा म्हणजे काय आणि तो कोणाच्या दारी जातो, हे कोणी शिकवावे लागत नाही.

इंग्लंडात आगगाडी सुरू होऊन फार वर्षे लोटली नव्हती, तोच मुंबई बेटाहून घाटापलीकडे कापसाच्या मुलखापर्यंत लोहमार्ग न्यावा असा विचार येथे निघाला. १८४५ साली त्यासाठी मुंबईत मंडळ स्थापन झाले. त्यात सर जमशेटजी जिजीभाई व नाना हे अग्रभागी होते. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी निघाली, तिच्या व्यवस्थेतही या दोघा हिंदी गृहस्थांस स्थान मिळाले. परंतु कल्पना मांडणे निराळे व पैसा उभा करणे निराळे. शीवजवळची दलदल, ठाण्याची खाडी, चार महिन्यांचा मुसळधार पाऊस आणि पुढे सह्याद्रीचा उभा कडा, या सर्वांची वार्ता लंडनच्या भागधारकास ऐकूनच ठाऊक. लोक गाडीत बसतील की नाही, याचीही खात्री कोणास देता येईना. अशा वेळी येथील व्यापाऱ्यांचा या कामावर भरवसा आहे, हे दाखविण्यास नानांसारख्यांचे नाव उपयोगी पडले.

१७ ऑगस्ट १८४९ रोजी कंपनी व ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात जो करार झाला, तो जोखमीच्या वाटणीचा नमुना म्हणून अभ्यासण्याजोगा आहे. पहिली गोष्ट अशी की, एकदम सारा मार्ग हाती न घेता पाच लाख पौंडांच्या भांडवलावर एक छोटा प्रायोगिक मार्ग बांधावयाचे ठरले. फसला तर तोटा मर्यादित राहील, हा त्यातला हेतू. दुसरी गोष्ट, जमीन सरकारने विनामूल्य ९९ वर्षांसाठी द्यावी. तिसरी, खर्चावर व कामावर सरकारी देखरेख असावी. आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची, भागधारकांस दरसाल शेकडा पाच व्याजाची सरकारी हमी. मार्गाने शंभर रुपयांवर दोनच रुपये मिळविले, तर उरलेले तीन सरकारी खजिन्यातून भरून द्यावयाचे, असा त्याचा सरळ अर्थ.

३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीव येथे कामाचा आरंभ झाला. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले हे होते, व फॅविएल आणि फाउलर या इंग्रज मक्तेदारांनी पहिला मक्ता घेतला. फाउलर यांना येथील हवा मानवली नाही. प्रकृती ढासळल्याने ते परत गेले आणि सारे काम फॅविएल यांच्या एकट्याच्या अंगावर पडले. तरीही १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून चौदा डबे व सुमारे चारशे पाहुणे घेऊन गाडी निघाली व एकवीस मैलांवरच्या ठाण्यास पोहोचली. पुढच्याच वर्षी १ मे रोजी गाडी खाडी ओलांडून कल्याणला गेली. छोटा प्रयोग यशस्वी झाला, आणि त्याच्या बळावर मोठ्या कामास हात घालता आला.

मोठे काम म्हणजे बोरघाट. सुमारे सोळा मैलांत १८३१ फूट चढ, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल, आणि कित्येक ठिकाणी दर सदतीस फुटांस एक फूट इतका तीव्र चढाव. १८५६ च्या आरंभी फॅविएल यांनीच हे काम सुरू केले. खडक फोडताना सुरुंगाने माणसे मेली, कड्यावरून दोर तुटून मेली, आणि पटकीच्या साथीने तर छावण्याच्या छावण्या ओस पडल्या. १८५९ साली पोटमक्तेदारांकडे थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगा उसळला. त्याच वर्षी फॅविएल यांनी मक्ता सोडून दिला. त्यांच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल हे मुंबईत पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावले. मक्ता बुडाला असे सर्वांस वाटत असता त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी तो आपल्या अंगावर घेतला, जाणते इंजिनिअर नेमले आणि पतीचे वचन पुरे केले. आपल्या भगिनींनी हे नाव अवश्य ध्यानात ठेवावे. १८६१ साली घाटात ४२,००० हून अधिक मजूर राबत होते. १८६३ साली घाट खुला झाला. बर्कले यांना मात्र तो दिवस पाहावयास मिळाला नाही. आदल्याच वर्षी ते वारले होते.

येथे आम्ही एक गोष्ट स्पष्ट मांडू इच्छितो. करारात जोखीम फार कुशलतेने वाटली होती; परंतु ती वाटताना सर्वांस सारखे विचारले गेले नव्हते. लंडनच्या भागधारकाचे पाच टक्के हमीने सुरक्षित होते. तूट आलीच तर ती सरकारी खजिन्यातून, म्हणजे अखेर रयतेच्या सारावसुलीतून भरून निघावयाची. व्याज ठरलेलेच मिळावयाचे असल्याने खर्च आवरण्याची निकड भागधारकास उरली नाही, आणि मार्ग अपेक्षेपेक्षा पुष्कळ महाग पडले. कड्याला दोराने लोंबकळणाऱ्या मजुराच्या जिवाला तर करारात कसलीच हमी नव्हती. बांधकामाच्या खोटीचाही हिशेब पुढे निघालाच: १८६७ च्या पावसाळ्यात घाटातला एक मोठा पूल कोसळला आणि हलक्या चुन्याच्या बांधकामाची चर्चा सर्वत्र झाली.

नानांना या दुसऱ्या बाजूची जाणीव होती, असे त्यांच्या एकंदर चरित्रावरून आम्हांस वाटते. ज्या १८५२ साली लोहमार्गाचे काम जोरात चालले होते, त्याच साली २६ ऑगस्टला त्यांच्या पुढाकाराने बाँबे असोसिएशन स्थापन झाली, आणि राज्यकारभारातील उधळपट्टी व हिंदी लोकांस त्यात नसलेला वाव यांविषयी तिने ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज धाडला. जो पैसा भरतो त्याला विचारले पाहिजे, हे त्या मागणीचे सार होते. १८६२ साली नाना कायदेकौन्सिलात बसले, तेव्हा त्या मागणीचा अल्पसा अंश पदरात पडला.

त्यांच्या अखेरच्या वर्षांत मुंबईने जोखमीचे दुसरे रूप पाहिले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे येथील कापसास सोन्याचा भाव आला, आणि त्या पैशावर रोज नवी कंपनी निघू लागली. बॅकबेचा समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांच्या वर गेला. येथे छोटा प्रयोग नव्हता, देखरेख नव्हती, आणि जमीन तर अद्याप पाण्याखालीच होती. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, आणि १ जुलैला वायद्यांची मुदत भरताच मोठमोठ्या पेढ्या बसल्या. शहर या हाहाकारात असतानाच ३१ जुलै १८६५ रोजी नानांनी इहलोकीची यात्रा संपविली. ज्यांच्या शब्दावर लोक ठेव ठेवीत, तो पुरुष नेमका पतीच्या पडझडीच्या दिवसांत गेला.

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे येऊ. चाळीच्या जागी इमारत उभी राहणे इष्टच आहे. जुन्या भिंतींखाली जीव मुठीत धरून राहण्यातही जोखीम आहेच. परंतु सही करण्यापूर्वी नानांच्या काळातील हे प्रश्न प्रत्येक कुटुंबाने विचारावेत. काम टप्प्याटप्प्याने होणार की एकदम सारे पाडले जाणार? विकासकाचे काम अडले, तर आपले पर्यायी जागेचे भाडे कोण भरणार, आणि त्याला बँकेची हमी आहे काय? कामावर आपल्या वतीने देखरेख कोणाची? मक्तेदार बदलला, तर नवा मक्तेदार जुनी वचने पाळण्यास बांधलेला आहे काय? २०१७ पासून महारेराच्या नियमाने नव्या खरेदीदारांकडून आलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. परंतु जुन्या भाडेकरूचे हित मुख्यतः त्याच्या नोंदणीकृत करारनाम्यातच असते. म्हणून तो स्वतः वाचावा, जाणत्या वकिलाकडून वाचून घ्यावा, आणि शेजाऱ्यांनी एकत्र बसून ठरवावे. एकट्या भाडेकरूचा शब्द ऐकला जात नाही. साऱ्या चाळीचा शब्द टाळता येत नाही.

२०२५ च्या ऑक्टोबरात भुयारी मेट्रो गिरगावातून धावू लागली, आणि मुंबई सेंट्रल येथील तिच्या स्थानकास जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव लाभले. ज्ञातीला याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. त्या अभिमानाबरोबर नानांची सावध व्यापारी दृष्टीही आपल्या घराघरांत नांदो, आणि जुन्या चाळींतून बाहेर पडलेले प्रत्येक कुटुंब ठरल्या मुदतीत आपल्या नव्या उंबरठ्यावर परत येवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.