मज्जापेशींचा चित्रकार

जालना जिल्ह्यातील खेड्यात विहिरीवरून परतणाऱ्या स्त्रीच्या डोक्यावर हंडा व त्यावर कळशी असते. वाट खडकाळ असली, तरी पाणी सांडत नाही. चालण्यातील हा तोल सांभाळण्याचे मोठे काम मेंदूच्या मागील बाजूस असलेला लहान मेंदू करतो. त्याची अंतर्रचना जगास उलगडून दाखविणारे थोर शास्त्रज्ञ म्हणजे स्पेन देशातील सांतियागो रामोन इ काहाल.

काहाल यांचा जन्म १८५२ साली झाला. बालपणी ते फार खोडकर होते. अकराव्या वर्षी त्यांनी घरगुती तोफ डागून शेजाऱ्याचे फाटक फोडले व त्यापायी काही दिवस कोठडी भोगली. चित्रे काढण्याचे त्यांना वेड होते. परंतु डॉक्टर असलेल्या वडिलांस तो नाद पसंत नव्हता. त्यांनी मुलास आधी न्हाव्याकडे व पुढे जोडे शिवणाऱ्याकडे कामास ठेवले. अखेर जुन्या दफनभूमीतील हाडे आणून ते त्याला शरीरशास्त्र शिकवू लागले. मुलगा हाडांची चित्रे काढू लागला आणि चित्रकलेनेच त्याला विद्येची वाट दाखविली.

पुढे काहाल प्राध्यापक झाले. मेंदूतील सर्व तंतू परस्परांत मिसळून एकच अखंड जाळे बनते, असे त्या काळी पुष्कळ विद्वान मानीत. इटलीतील गोल्जी यांनी मज्जापेशी काळ्या रंगात उठून दिसतील अशी रीत शोधली होती. ती सुधारून १८८८ साली काहाल यांनी बार्सेलोना येथे पक्ष्यांच्या लहान मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. काही लहान पेशींचे तंतू मोठ्या पेशींना टोपलीप्रमाणे वेढीत होते. परंतु त्यांत मिसळत नव्हते. प्रत्येक पेशी स्वतंत्र होती!

हे सांगण्यासाठी त्यांनी स्वखर्चाने नियतकालिक काढले. पण स्पॅनिश भाषेतील ते लेखन फारसे कोणी वाचीना. तेव्हा १८८९ साली ते स्वतःच बर्लिनच्या विद्वत्सभेत गेले व आपले काप पंडितांना दाखविले. क्योलिकर या वृद्ध पंडितास त्यांचे म्हणणे पटले. १९०६ साली काहाल व गोल्जी या दोघांना मिळून नोबेल पारितोषिक लाभले. १९३४ साली माद्रिद येथे काहाल यांचे निधन झाले.

त्या टोपलीपेशींचे कार्य १९६० नंतरच्या काही वर्षांत एकल्स प्रभृती शास्त्रज्ञांनी उलगडले. त्या हालचालीची आज्ञा देत नाहीत, तर मोठ्या पेशींना आवर घालतात. आणि मोठ्या पेशीही पुढील पेशींना आवरच घालतात. लहान मेंदूस इजा झाली, तर पेल्याकडे नेलेला हात थरथरतो, पेल्याच्या पुढे जातो. चालताना झोक जातात. योग्य क्षणी आवर घातला जातो, म्हणूनच हालचाल नेमकी व डौलदार होते.