ओव्हरलोडिंगचा मास्तर : ख्रिस्तोफर स्ट्रेची

थर्ड इयरच्या ओरलला एक्स्टर्नल सरांनी जावातला एक प्रश्न टाकला. एकाच नावाच्या दोन मेथड्स. एक कितीही इंट घेते, दुसरी कितीही इंटिजर. नुसता 1 पाठवला तर कुठली चालेल? मी छातीठोकपणे पहिली म्हणालो. खरं तर कंपायलर तिथे हात टेकतो आणि एरर देतो. नेमका एकच इंट घेणारी तिसरी मेथड असती तर त्याने तीच उचलली असती. ‘कितीही’वाल्यांकडे तो सगळ्यात शेवटी बघतो. ओरल गेली, के.टी. लागली.

हे नियम असे तिरपागडे का, हे सुट्टीत शोधताना स्ट्रेची भेटला.

1916 चा जन्म, घराणं लंडनचं नामांकित. काका लिटन प्रसिद्ध लेखक, वडील दोन्ही महायुद्धांत शत्रूचे सांकेतिक संदेश फोडणारे. पोरगा केंब्रिजला गेला आणि तिसऱ्या वर्षी मनाने पार खचला. डिग्री मिळाली, पण खालच्या सेकंड क्लासची. (हे वाचून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!) मग युद्धकाळात कंपनीत नोकरी, नंतर शाळामास्तरकी. 1949 पासून हॅरोच्या शाळेत.

शाळा सांभाळून 1951 मध्ये गडी ड्राफ्ट्स खेळणारा प्रोग्रॅम लिहायला बसला. 1952 पर्यंत मँचेस्टरच्या मशीनवर तो पूर्ण डाव खेळू लागला. त्याच मशीनकडून त्याने प्रेमपत्रंही लिहून घेतली! 1965 मध्ये ऑक्सफर्डला प्रोग्रॅमिंगचा संशोधन गट त्यानेच उभा केला.

1967 मध्ये कोपनहेगनच्या लेक्चर्समध्ये त्याने पॉलिमॉर्फिझमचे दोन प्रकार वेगळे केले. यादीची लांबी मोजायला एकच कोड पुरतं, यादीत काहीही असो. पण अधिकचं चिन्ह पूर्णांकांसाठी वेगळं काम करतं, अपूर्णांकांसाठी वेगळं, आणि त्याला सरसकट एक नियम नसतो. प्रत्येक केसचा नियम वेगळा लिहावा लागतो. या दुसऱ्या प्रकाराला त्याने अॅड हॉक म्हटलं. (आपल्या स्टाफला हा शब्द समजावून सांगायला नको.) आपलं ओव्हरलोडिंग ते हेच. जावात 2004 साली ‘कितीही आर्ग्युमेंट्स’ आल्या, तेव्हा त्या नियमांत आणखी भर पडली. माझी विकेट तिथेच गेली.

1975 मध्ये काविळीने तो गेला, वय अवघं 58. त्या लेक्चर्सच्या नोट्स आपल्या होस्टेलच्या झेरॉक्ससारख्या वर्षानुवर्षं हातोहात फिरत होत्या. जर्नलमध्ये छापून आल्या त्या थेट 2000 साली.