डॉ. आनंदीबाई जोशी आणि तान्ह्या बाळाचे पहिले वर्ष



आपल्या स्मरणिकेत दर वेळी एका थोर स्त्रीचे चरित्र असते. यंदा ते लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी डॉ. आनंदीबाई जोशी यांची निवड केली. अमेरिकेस जाऊन डॉक्टर झालेल्या बाई म्हणून त्यांचे नाव आपणां सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या तिकडे कशासाठी गेल्या, हे पुष्कळ जणींच्या ध्यानात नसते. त्याचे मूळ एका दहा दिवसांच्या बाळात आहे. म्हणून चरित्राबरोबरच तान्ह्या बाळाला पहिल्या वर्षी काय पाजावे आणि काय पाजू नये, याविषयीही चार शब्द लिहिणार आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव बिजवर, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे आणि टपाल खात्यात नोकरीला होते. बायकोने शिकलेच पाहिजे हा त्यांचा हट्ट. स्वभाव तापट, पण त्या काळी बायकोच्या हाती पाटी देणारा नवरा विरळाच. त्यांनीच यमुनेचे नाव आनंदी ठेवले.

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि तो अवघ्या दहा दिवसांत गेला. वेळेवर वैद्यकीय उपचार मिळाले नाहीत. आज ज्या वयात मुली आठवी-नववीत असतात, त्या वयात या मुलीची कूस भरली आणि रितीही झाली. त्या काळी बाळ जाणे ही घरोघरची गोष्ट होती. देवाची इच्छा म्हणून बाया डोळे पुसत आणि पुन्हा कामाला लागत. पुरुष डॉक्टरपुढे जाण्याची बाईला लाज आणि स्त्री डॉक्टर तर कोठे नाहीच. मग आपणच डॉक्टर व्हावे, असे या मुलीने ठरविले.

गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असा संसार फिरला. १८८० साली त्यांनी अमेरिकेतील एका पाद्रीसाहेबांना पत्र लिहिले. ते तिकडच्या मासिकात छापून आले आणि न्यू जर्सीमधील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटरबाईंच्या वाचनात आले. त्या परक्या बाईने या मुलीला मायेने पत्रे लिहिली आणि घरी येण्याचे आमंत्रण दिले. लोक निंदा करीत होते, तेव्हा १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूर येथे (हे बंगालमधील, आपल्या नगरकडचे नव्हे) आनंदीबाईंनी सभेत उभे राहून आपण का जातो ते सांगितले. देशात स्त्री डॉक्टरांची गरज आहे आणि मी हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांच्या बोलण्याचे सार होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या पतीला मागे ठेवून आगबोटीत बसल्या. तेव्हा त्यांनी नुकतेच अठरावे वर्ष पुरे केले होते.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. कडाक्याची थंडी, परके अन्न, त्यात प्रकृती मुळातच नाजूक. तरीही शाकाहार आणि लुगडे त्यांनी सोडले नाही. प्रबंधासाठी त्यांनी आपल्या प्राचीन हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्र हाच विषय निवडला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

त्या वेळी युरोप-अमेरिकेतही तान्ह्या बाळांचे हाल कमी नव्हते. शहरात गाईचे दूध लांबून येई, उन्हाळ्यात नासे आणि बाटलीचे दूध पिणारी मुले हगवणीने दगावत. आनंदीबाईंच्या जन्माच्याच सुमारास युरोपात लीबिग या शास्त्रज्ञाने आईच्या दुधाऐवजी द्यावयाचे बाळअन्न काढले होते. त्या फिलाडेल्फियात शिकत असताना, १८८५ मध्ये त्याच शहरातील डॉ. आर्थर मेग्ज यांनी दुधाच्या तपासणीवर पुस्तक लिहिले. आईचे दूध आणि गाईचे दूध यांत पुष्कळ फरक आहे, हे त्यांनी दाखविले. आईच्या दुधात प्रथिने सुमारे एक टक्का असतात, तर गाईच्या दुधात तीन टक्क्यांहून अधिक. वासराला लवकर उभे राहून धावावयाचे असते, आपले बाळ वर्षभर मांडीवर वाढते. ज्याचे दूध त्यालाच मानवते.

मी काही डॉक्टर नव्हे, सातवी शिकलेली गृहिणी आहे. पण आज आरोग्य केंद्रात जे सांगतात, ते आता जगभर मान्य झाले आहे. जन्मल्यावर तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे. पहिले पिवळे, घट्ट दूध जुन्या काळी पिळून टाकीत, ते मुळीच टाकू नये. रोगाशी झगडण्याची शक्ती त्यातूनच बाळाला मिळते. पुढे सहा महिने फक्त आईचे दूध. मध, गुटी, साखरपाणी, ग्राइपवॉटर काही नको. डॉक्टरांनी दिलेले औषध तेवढे द्यावे. मधाचे बोट तर वर्षभर चाटवू नये, कारण मधातल्या एका जंतूच्या बीजाने तान्ह्या बाळाचे अंग लुळे पडू शकते.

आपल्याकडे खरी अडचण येते ती उन्हाळ्यात. जळगाव-धुळ्याला मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. आपल्याच घशाला कोरड पडते, मग पाळण्यातल्या बाळाला पाणी पाजल्याशिवाय घरच्या मोठ्या माणसांना राहवत नाही. त्यात माया असते, हे खरे. परंतु आईच्या दुधात शंभरातले सुमारे अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असते. ऊन फार असेल तर बाळाला अधिक वेळा पाजावे, म्हणजे त्याची तहान भागते. वरचे पाणी दिले की त्याचे इवलेसे पोट पाण्याने भरते, ते दूध कमी ओढते, मग आईचे दूधही कमी येऊ लागते. पाण्यात दोष असेल तर जुलाब लागतात. पाणी बाळाच्या आईने प्यावे, तिला कोणी हात आखडू नये.

सहा महिने झाले की नरम वरणभात, खिचडी, कुस्करलेले केळे सुरू करावे आणि तेव्हा उकळून गार केलेले पाणी घोट-घोट द्यावे. दिवसभरात १२० ते २४० मिली पुरे. नुसते वरणाचे पाणी किंवा पातळ पेज यांनी पोट भरते, अंग भरत नाही, म्हणून चमच्यातून ओघळणार नाही इतके दाट भरवावे. आईचे दूध चालूच ठेवावे. गाई-म्हशीचे दूध पिण्यासाठी म्हणून वर्ष होईपर्यंत देऊ नये. त्यात लोह फार कमी, आणि मूत्रपिंडाला ते जड जाते. जेवणात थोडे दही चालते. फळांचा रस वर्षभर नको, त्यापेक्षा फळ कुस्करून द्यावे. बशीतला चहा मात्र कधीच नको. त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही आणि बाळ फिकट पडते.

एखादीला खरोखरच दूध नसेल, किंवा बाळाची आई नसेल, तर डॉक्टरांना विचारून डब्याचे दूध द्यावे. पाणी उकळलेले घ्यावे आणि डब्यावरचे माप तंतोतंत पाळावे. पुरवठा व्हावा म्हणून पातळ करू नये. बाटली नको आणि जुने बोंडलेही नको, त्यांचे तोंड नीट घासले जात नाही. वाटी-चमचा बरा. अशा डब्यांची व बाटल्यांची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्याने आपल्या देशात बंदी आहे. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी काढली. एका आईचे दूध दुसरीच्या अशक्त बाळाला मिळते, याहून मोठे दान कोणते?

आनंदीबाईंच्या हातून असे काम व्हावयाचे होते. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली होती. परंतु क्षयाने त्यांना गाठले. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिनाच उरला होता. कोल्हापूरच्या त्या जागेवर त्यांना एक दिवसही बसता आले नाही. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली आणि त्यांनी ती आपल्या घरच्या माणसांच्या स्मशानभूमीत ठेवली.

आज आपल्या तालुक्याच्या गावीसुद्धा स्त्री डॉक्टर आहेत आणि आशाताई घरी येऊन विचारपूस करतात. आनंदीबाईंना यातले काहीच लाभले नाही. तेव्हा मंडळातील प्रत्येकीने आपल्या शेजारी बाळंतीण असेल तिच्याकडे एकदा जावे, तिच्या सासूशी गोडीने बोलावे आणि बाळाच्या ओठाला सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही लागणार नाही एवढे पाहावे. या थोर माउलीला माझे विनम्र अभिवादन.