अणूंचा हिशेब

१९४४ साली पंडित नेहरू आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत बसून भारताचा इतिहास लिहीत होते. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये बंगलोरहून एका चौतिशीतल्या पारशी शास्त्रज्ञाने टाटा विश्वस्तांना पत्र धाडले. मूलभूत संशोधनाची संस्था देशातच काढावी, अशी त्यांची मागणी होती. ते डॉ. होमी भाभा.

स्वतः कागद-पेन्सिलीचे भौतिकशास्त्रज्ञ, शिवाय चित्रकार. तरी १९४५ साली निघालेल्या त्या संस्थेत त्यांच्या पाठबळाने संगणक घरच्या घरी बांधला गेला. आर. नरसिंहन आणि सहकाऱ्यांनी अडीच हजारांहून अधिक व्हॉल्व्ह जोडून तो १९६० साली चालू केला. १९६२ साली त्याचे 'टिफ्रॅक' असे बारसे केले, ते नगरच्या त्याच माजी कैद्याने!

१९६४ साली कुलाब्याला 'सीडीसी ३६००' हे बडे अमेरिकन यंत्र आले. योगायोग असा, की त्याच वर्षी शिकागोजवळच्या प्रयोगशाळेत मूळ हैदराबादच्या अनीसुर रहमान यांनी याच जातीच्या यंत्रावर द्रवरूप आरगॉनच्या ८६४ अणूंची हालचाल गणिताने मांडली. प्रत्येक अणूवर बाकीच्यांची ओढ किती, ते काढायचे. सगळे अणू तसूभर सरकवायचे. पुन्हा पहिल्यापासून हिशेब. आम्ही बँकेत एका पैशाच्या फरकापायी रात्र जागवत असू, तिथे ही खातेवही क्षणाक्षणाला जुळवायची! आज महासंगणकांवर पदार्थांचे गुण तपासतात, ते याच वाटेने.

कुलाब्याला देशभरचे संशोधक पंचकार्डांचे गठ्ठे घेऊन येऊ लागले. भाभांना ते फार दिवस पाहता आले नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी त्यांचे विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँवर कोसळले. वय अवघे छपन्न.