मेचनिकॉव्ह आणि आपल्या अंगातल्या खादाड पेशी

कोलेस्टेरॉलची गोळी आपल्यातले बरेचजण रोज घेतात. हे कोलेस्टेरॉल धमनीत साठतं कसं, ते समजायला ज्या माणसाचा शोध उपयोगी पडला, त्याची हकिगत आज सांगते. हाफकिन साहेबांचं नाव आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. हे त्यांचे गुरू, इल्या मेचनिकॉव्ह.

जन्म १८४५ चा, आजच्या युक्रेनमधल्या खारकॉव्हजवळचा. वडील रशियन लष्करी अधिकारी. आईचे वडील नेवाखोविच हे यहुदी लेखक. यहुद्यांच्या बाजूने त्यांनी रशियनमध्ये लिहिलं, पण पुढे ते ख्रिस्ती झाले.

मेचनिकॉव्हचं तरुणपण दुःखात गेलं. पहिल्या बायकोला क्षय होता. लग्नाच्या दिवशी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. १८७३ मध्ये मदेरा बेटावर ती वारली, तेव्हा त्यांनी मॉर्फिन घेतलं. डोस इतका मोठा झाला की उलटी झाली आणि ते वाचले. पुढे दुसऱ्या बायकोला टायफॉइड झाला. त्यानंतर त्यांनी तापाच्या रोग्याचं रक्त स्वतःला टोचून घेतलं! त्यातूनही निभावले.

१८८२ साली ते सिसिलीतल्या मेसिना शहरात होते. घरची मंडळी माकडांची सर्कस बघायला गेली होती, आणि हे घरी सूक्ष्मदर्शकातून तारामाशाची पारदर्शक पिल्लं पाहत बसले होते. मनात आलं, यांना काटा टोचला तर? बागेतल्या गुलाबाचे काटे टोचले. सकाळी पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा घोळका. बाहेरून आलेलं ते गिळायला पेशी धावतात, हे त्यांनी ओळखलं. अशा खाणाऱ्या पेशींना फॅगोसाइट नाव मिळालं, त्यातल्या मोठ्या त्या मॅक्रोफेज.

जर्मन शास्त्रज्ञांनी खूप विरोध केला. १८८८ मध्ये मेचनिकॉव्ह पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आले. ओडेसातला त्यांचा विद्यार्थी हाफकिन मागोमाग आला, त्यालाही तिथे काम मिळवून दिलं. तोच पुढे मुंबईत प्लेगची लस करणारा. परळची संस्था त्याच्याच नावाची. १९०८ चं नोबेल मेचनिकॉव्हना पॉल एर्लिख यांच्याबरोबर विभागून मिळालं.

आता कोलेस्टेरॉल. प्राण्यांपासूनचं अन्न म्हातारपण लवकर आणतं, हे मेचनिकॉव्हचं मत तपासायला रशियात इग्नातोव्स्कींनी सशांना मांस, अंडी, दूध खाऊ घातलं, तर त्यांच्या धमन्या बिघडल्या. १९१३ मध्ये अनिचकॉव्हनी नुसतं कोलेस्टेरॉल तेलातून दिलं, तरी तेच. धमनीच्या भिंतीत चरबीने भरलेल्या, फेसासारख्या पेशी दिसल्या. त्यांतल्या बऱ्याचशा मॅक्रोफेजच असतात, हे आता पक्कं आहे.

होतं असं. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, धमनीच्या अस्तराखाली शिरतं आणि तिथे बिघडतं. ते साफ करायला पांढऱ्या पेशी येतात, मॅक्रोफेज बनतात आणि गिळू लागतात. एरवी पेशीचं पोट भरलं की कोलेस्टेरॉल घेणारं दार ती बंद करते. पण बिघडलेलं एलडीएल ज्या दारातून मॅक्रोफेज घेतात, ते दार बंदच होत नाही! थोडंफार त्या बाहेर टाकतात, आणि चांगलं कोलेस्टेरॉल, एचडीएल, ते उचलून लिव्हरकडे नेतं. आवक फार झाली की हिशेब चुकतो. पेशी तिथेच मरतात, चरबीचा लगदा उरतो. वरचा पातळ पापुद्रा फाटला की रक्ताची गुठळी होते, आणि मग हार्ट अटॅक. वॉर्डात असे रोगी मी पुष्कळ पाहिले. छातीत दुखतंय त्याला गॅस समजून घरी बसलेले. आपली गोळी मुख्यतः ही आवकच कमी करते. बरं वाटतंय म्हणून ती बंद करणारे पाहिले की माझा जीव खालीवर होतो. डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका.

मेचनिकॉव्हना म्हातारपणाचं कारण आतड्यातल्या जंतूंचं विष वाटे. म्हणून ते रोज आंबवलेलं दूध घेत, आणि त्यांच्यामुळे युरोपात दह्याची फॅशन आली. दही मलाही आवडतं, पण धमनीवरचा तो इलाज नव्हे. त्यांचं स्वतःचं हृदय शेवटची काही वर्षं बिघडलेलं होतं. आपल्याच दुखण्याच्या नोंदी ते ठेवत होते. मेल्यावर आतडी तपासा, असं त्यांनी सहकाऱ्याला सांगून ठेवलं होतं. जुलै १९१६ मध्ये, ७१ व्या वर्षी, ते हृदयविकाराने गेले. त्यांच्या अस्थी पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात ठेवलेल्या आहेत.